वाईट दिवसांचा हिशोब

डाउनहिल सायकलिंगमध्ये, म्हणजे डोंगरमाथ्यावरून घड्याळाशी झुंजत सायकल खाली आणायच्या शर्यतींत, ‘यंदा जगात पहिला कोण?’ या प्रश्नाला दरवर्षी दोन उत्तरं असतात. एक वर्ल्ड कपचं: उन्हाळाभर वेगवेगळ्या देशांतल्या डोंगरांवर सात-आठ शर्यती, प्रत्येक शर्यतीचे गुण, आणि मोसम संपला की बेरीज. ज्याची बेरीज सर्वांत मोठी, तो ‘ओव्हरऑल’चा मानकरी. दुसरं उत्तर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं: वर्षातून एकदा, एका डोंगरावर, एका दुपारी, एकच धाव. ती जिंकणाऱ्याला पांढऱ्या रंगावर निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पाच पट्टे असलेली जर्सी मिळते आणि पुढचं वर्षभर प्रत्येक डाउनहिल शर्यतीत तो तीच घालून उतरतो. वर्ष संपून जर्सी दुसऱ्याकडे गेली, तरी बाहीच्या काठावर ते पट्टे मिरवायचा हक्क आयुष्यभर राहतो.

एका रविवारी मी वहीच्या पानावर दोन्ही याद्या शेजारी शेजारी मांडल्या, २००० पासून २०२४ पर्यंत. पुरुषांत दोन्ही मान एकाच माणसाला मिळाले अशी वर्षं पंचवीसपैकी दोन निघाली: २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल आणि २०१९ मध्ये फ्रान्सचा लोइक ब्रुनी. उरलेली तेवीस वर्षं मोसमाचा राजा एक, जर्सीवाला दुसरा. इंग्लंडच्या स्टीव्ह पीटने २००२, २००४ आणि २००६ चा ओव्हरऑल जिंकला. त्या तिन्ही वर्षी जर्सी नेली ती निकोला वुइयोज, फाबिएन बारेल आणि सॅम हिल यांनी. अमेरिकेचा आरन ग्विन तर २०११, २०१२, २०१५, २०१६, २०१७ असा पाच वेळा मोसमाचा विजेता. त्या पाच वर्षांच्या जर्सी डॅनी हार्ट, ग्रेग मिनार, ब्रुनी, पुन्हा हार्ट, पुन्हा ब्रुनी अशा वाटल्या गेल्या. ग्विनच्या अंगावर ती कधी चढलीच नाही.

हे पान मी माझ्या धाकट्या भावाला दाखवलं. तो आकड्यांतला माणूस. चहा पिता पिता त्याने निकाल देऊन टाकला, “ताई, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप ही निव्वळ लॉटरी आहे. एका धावेवरून काही सिद्ध होत नाही.”

मी पान उलटलं. मागे महिलांची यादी होती.

फ्रान्सच्या आन-कॅरोलिन शोसोंने १९९८ ते २००२ अशी सलग पाच वर्षं ओव्हरऑल जिंकला आणि त्या पाचही वर्षी जर्सीही तिचीच होती. जर्सीचा तिचा सिलसिला तर १९९६ पासून २००३ पर्यंत अखंड चालला. इंग्लंडची रेचेल ॲथर्टन एलिट, म्हणजे ज्युनियरांच्या वरच्या मुख्य गटात पाच वेळा जगज्जेती झाली (२००८, २०१३, २०१५, २०१६, २०१८) आणि त्या प्रत्येक वर्षी मोसमही तिनेच मारला होता. २०१६ मध्ये तर वर्ल्ड कपच्या सातही शर्यती आणि वर वर्ल्ड चॅम्पियनशिप, असा एकही डाग नसलेला मोसम तिने काढला. त्याआधी डाउनहिलमध्ये हे कोणालाच जमलं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या वाली होलने २०२३ आणि २०२४ ला दोन्ही मान एकत्र घेतले. लॉटरी असती तर ती या पानावरही लागायला हवी होती ना?

भाऊ गप्प बसणाऱ्यांतला नाही, पण इथे त्याने मान हलवली. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. महिलांच्या अंतिम फेरीत उतरणाऱ्या मोजक्याच असतात, आणि शोसों किंवा ॲथर्टन ऐन भरात असताना त्यांच्यात आणि बाकीच्यांत काही सेकंदांचं अंतर असे. इतकं अंतर असलं की वाटेत एखादी चूक झाली तरी पोटात घालता येते. पुरुषांत पहिले दहा जण दोन-चार सेकंदांत कोंबलेले. तिथे एका वळणावर चाक अर्धा हात बाहेर गेलं की पहिल्याचा सातवा होतो. अलीकडे महिलांतही चुरस वाढली आहे, त्यामुळे ही यादी पुढे अशीच राहील असं नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोंगरमाथ्यावरून एकेक रायडर ठरावीक अंतराने सुटतो. समोर कोणी नाही, मागे कोणी नाही, फक्त घड्याळ. पात्रता फेरीतला सर्वांत वेगवान शेवटी सुटतो, आणि तोवर ज्याची वेळ सर्वांत कमी तो खाली ‘हॉट सीट’वर बसून वरून येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहत राहतो. धाव अडीच ते पाच मिनिटांची. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमचा ट्रॅक सुमारे २.८ किलोमीटर लांब, त्यात ५५५ मीटर उतार, म्हणजे सिंहगडाची पायवाट जेवढी चढते साधारण तेवढा. रायडर तो साडेचार मिनिटांच्या आसपास उतरतात, दगडधोंड्यांवरून. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक एका बोटाने किती दाबायचा आणि कधी अजिबात दाबायचा नाही, हे ज्याने पुण्याच्या टेकड्यांवर साध्या सायकलने का होईना केलं आहे, त्याला हे आकडे वाचताना तळहाताला घाम यायला हरकत नाही.

आता गुणांकडे बघा, कारण खरी गोम तिथे आहे. गेल्या दशकातल्या नियमांप्रमाणे वर्ल्ड कपची अंतिम धाव जिंकणाऱ्याला २०० गुण, दुसऱ्याला १६०, तिसऱ्याला १४०, चौथ्याला १२५, पाचव्याला ११०. पात्रता फेरीचे थोडे वेगळे. समजा, एकाने सातही शर्यतींत तिसरा नंबर काढला. झाले ९८०. दुसऱ्याने चार शर्यती जिंकल्या आणि तीनदा आपटला. त्याचे ८०० आणि वर चिल्लर. एकही शर्यत न जिंकणारा इथे चार जिंकणाऱ्याच्या पुढे निघतो. वर्ल्ड चॅम्पियनशिपला यातलं काही लागू नाही. पहिल्या तिघांना पदकं, पट्टे एकालाच, आणि चौथा आला काय, चाळिसावा आला काय, परतीच्या विमानात दोघंही सारखेच.

त्यामुळे तेच रायडर, तशाच सायकली, कधी कधी तर तोच ट्रॅक, पण दोन्हीकडे डोक्यातला हिशोब पार वेगळा. मोसमात एखाद्या ओल्या मुळांच्या जागी थोडं आवरतं घेणं हे शहाणपण. चॅम्पियनशिपमध्ये त्याच जागी आवरतं घेतलं, तर तुम्ही शर्यतीला आलात कशाला?

लोक ‘सातत्य’ म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर दर आठवड्याला सारखाच चांगला खेळणारा माणूस आणतात. माझं याद्या पाहून, आणि त्याहून जास्त शर्यती पाहून, वेगळं मत झालं आहे. ओव्हरऑल जिंकणाऱ्याचे चांगले दिवस इतरांच्या चांगल्या दिवसांसारखेच असतात. त्याचे वाईट दिवस इतरांच्या वाईट दिवसांपेक्षा बरे असतात. इतरांचा वाईट दिवस म्हणजे पन्नासावा नंबर किंवा गळ्यात अडकवलेला हात; त्याचा वाईट दिवस म्हणजे सहावा नंबर.

ग्विनचंच घ्या. ऑस्ट्रियातलं लेओगांग, २०१४. वरच्या भागातच मागच्या टायरची हवा गेली. पुढे टायर रिमवरून सुटून नुसता फडफडायला लागला. उघड्या रिमवर, दगडांवर खणखणत, माणूस थेट खालपर्यंत आला. हा प्रकार मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी मला एकच गोष्ट खटकते, म्हणजे चांगल्या अर्थाने: तो वेडावाकडा येत नाही. मागचं चाक निसटणार हे धरूनच प्रत्येक वळण आधीपासून आखतो. जिंकण्याचा प्रश्नच उरला नव्हता. तरी उतरायचं ते नीटच.

पुढच्या वर्षी, २०१५, तोच डोंगर. सुरुवातीच्या फाटकातून बाहेर पडून पहिली एक-दोन पेडलं मारली आणि चेन तुटली. पेडल मारून वेग घ्यायची सोय संपली. आता खाली जाईपर्यंत हातात फक्त उतार. अशा वेळी वेग मिळवायचा तो शरीराने: उंचवट्यावरून खाली येताना सायकल दाबायची, पुढच्या चढाला हलकी करायची, आणि मुख्य म्हणजे ब्रेक दाबायचा मोह आवरायचा, कारण गमावलेला वेग परत आणता येणार नाही. जाणकार सांगतात, चेनचा ताण नसला की मागचं सस्पेन्शन मोकळेपणाने काम करतं. असेल, पण तेवढ्या भांडवलावर वर्ल्ड कप जिंकता येत नाही. ग्विनने तो जिंकला, कॉनर फिअरनला निसटत्या फरकाने मागे टाकून. डाउनहिलची एकच धाव कोणाला दाखवायची असेल तर मी हीच दाखवते. आणि गंमत बघा, एका दिवसाच्या अचाट पराक्रमाचं हे सर्वांत मोठं उदाहरण ज्याच्या नावावर, त्याच्याकडे एका दिवसाची जर्सी नाही.

उलट्या टोकाला डॅनी हार्ट. स्वित्झर्लंडमधलं शाँपेरी, २०११. हा ट्रॅक इतका उभा की कोरड्यातही चालत उतरणाऱ्याने झाडं धरावीत. त्या दिवशी पाऊस. इंग्लंडचा एकोणीस वर्षांचा पोरगा चिखलात पाय सोडत, सायकल आडवी करत, जणू पडण्याचीच गती वापरत खाली आला आणि ११.६९९ सेकंदांनी जिंकला. जिथे निकाल सेकंदाच्या दशांशांत लागतात तिथे अकरा सेकंद! हा जगज्जेता तोवर एकही वर्ल्ड कप शर्यत जिंकला नव्हता. पहिली जिंकायला त्याला २०१६ उजाडावं लागलं. मग मात्र लेंझरहाइडे, मों-सॅन्त-ॲन, वालनोर्ड अशा लागोपाठ तीन मारल्या आणि वाल दी सोलेला दुसरी जर्सीही घेतली. त्या वर्षीचा ओव्हरऑल? ग्विन. हार्ट दुसरा.

माझा भाऊ म्हणतो, पाच वर्षं जिंकला नाही म्हणजे शाँपेरी हा मटका. मला हे पटत नाही. मटका लागणारा माणूस अर्ध्या-पाऊण सेकंदाने जिंकतो. अकरा सेकंद नशिबाने मिळत नाहीत. त्या दिवशी, त्या चिखलात, त्या उतारावर त्याच्यापेक्षा चांगला माणूस पृथ्वीवर नव्हता. फक्त तो दिवस पुन्हा पुन्हा येत नव्हता, एवढंच.

लोइक ब्रुनीची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आणि म्हणून मला जास्त आवडते. २०१५ मध्ये वालनोर्डला तो जगज्जेता झाला तेव्हा त्याच्याही खात्यात वर्ल्ड कपचा एकही विजय नव्हता. तो आला पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात, केर्न्सला. २०१७ ला त्याच केर्न्सला दुसरी जर्सी, २०१८ ला तिसरी. मोसमाच्या बेरजेत मात्र नाव वर नाही. शर्यतीच्या गप्पांत त्याच्यावर शिक्का बसला होता: एका दिवसाचा माणूस. २०१९ मध्ये त्याने जर्सी घेतली आणि ओव्हरऑलही. २०२२ ला पाचवी जर्सी, आणि २०२३ व २०२४ मध्ये जर्सी नाही तर मोसम. म्हणजे वाईट दिवस सांभाळण्याची कला ही काही जन्मजात खोड नव्हे; ती शिकता येते, आणि हा माणूस ती आमच्या डोळ्यांदेखत शिकला. पण मला जास्त विचार करायला लावतात त्या पाच जर्सी. एकदा जमलं तर नशीब म्हणा, दोनदा म्हणा. पाच वेगवेगळ्या वर्षी, नेमक्या त्याच दुपारी, नेमकी तीच धाव काढणं यालाही सातत्यच म्हणावं लागेल. फक्त ते सगळ्या वर्षावर पसरलेलं नाही.

क्रॉस-कंट्री माउंटन बायकिंगला १९९६ च्या अटलांटापासून ऑलिंपिकची दारं उघडली. डाउनहिलला आजवर नाही. मला वाटतं, जर्सीला इतकं वजन येण्याचं हे एक मोठं कारण. क्लबचे, कंपन्यांचे कपडे उतरवून देशाचा रंग अंगावर घालायचा प्रसंग या रायडरांना वर्षातून हा एवढाच. शेजारच्या बाईला ‘ओव्हरऑल’ समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात; ‘जगज्जेता’ म्हटलं की ती लगेच पेढे मागते.

स्टीव्ह पीटवर हे वजन सर्वांत जास्त पडलं. तीन ओव्हरऑल, वर्ल्ड कपच्या शर्यती सतरा. आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला? २००० ला सिएरा नेवाडात रौप्य. सोनं अमेरिकेच्या माइल्स रॉकवेलचं. २००१ ला रौप्य, २००२ ला रौप्य, दोन्ही वेळा वुइयोजच्या मागे. २००४ ला ले जे इथे धाव अशी चालली होती की घड्याळ त्याच्या बाजूचं. शेवटच्या वळणांत, अंतिम रेषा जवळ आलेली असताना पडला. २००८ ला वाल दी सोलेमध्ये सॅम हिल मोठ्या फरकाने पुढे होता आणि अगदी शेवटच्या वळणावर आडवा झाला. उठून, सायकल उचलून, रेषा ओलांडूनही तो तिसरा आला, यावरून तो किती पुढे असेल बघा. जर्सी मिळाली ती रेचेलच्या भावाला, ‘जी’ ॲथर्टनला. पीट? दुसरा. चौथं रौप्य.

मग २००९, ऑस्ट्रेलियातलं कॅनबेरा. पीट पस्तीस वर्षांचा. जिंकला तो ०.०५ सेकंदांनी, आणि हरला कोण, तर त्याच्याच संघातला ग्रेग मिनार. ताशी चाळीस किलोमीटर वेग धरला तर ०.०५ सेकंदांत सायकल सुमारे पंचावन्न सेंटिमीटर जाते. म्हणजे त्या वेळच्या सायकलच्या एका चाकाच्या व्यासापेक्षाही कमी. सोळा-सतरा वर्षांची कारकीर्द ‘पूर्ण’ झाली ती एका चाकाने.

तो विजय पाहताना मला आनंद झाला, आणि रागही आला. राग पीटवर नाही, आपल्यावर, बघणाऱ्यांवर. ते पंचावन्न सेंटिमीटर मिनारच्या बाजूने गेले असते तर पीटच्या तीन मोसमांतला एखादा गुण कमी झाला असता का? पण त्याच्याबद्दल लिहिणारे ‘बिचारा’ म्हणूनच लिहीत राहिले असते. ग्विनबद्दल आजही तसंच लिहितात. पाच मोसम जिंकलेल्या माणसाला बिचारा म्हणायला फार मोठं मन लागतं.

माझं आजोळ आंबेगाव तालुक्यातलं. तिथल्या बैलगाडा शर्यती पाहिलेल्या माणसाला डाउनहिल फारसं समजावून सांगावं लागत नाही. घाटात गाडा एकटा सुटतो, झुंज घड्याळाशी, फरक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात, आणि यात्रेतला सर्वांत वेगवान गाडा तो ‘घाटाचा राजा’. गुलाल, भंडारा, गाडामालकाला खांद्यावर घेणं सगळं त्या दिवशी. राजा त्या यात्रेपुरता. पुढच्या गावच्या यात्रेला नवा राजा. साऱ्या यात्रांची बेरीज करून ‘तालुक्याचा ओव्हरऑल’ कोणी जाहीर करत नाही. २०२१ च्या डिसेंबरात बंदी उठल्यावर शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी मामाला हेच विचारलं होतं, की मामा, बेरीज का नाही करत? मामा दावणीला बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता. म्हणाला, “बेरीज हाय की. कागदावं नसती. बैल घ्यायला गिऱ्हाईक आलं ना, त्ये राजा किती येळा झाला इचारीत नाय. कवा बुजला, कवा मधीच बसला, त्ये इचारतं. गुलाल एका दिसाचा. किंमत ठरती ती बसला किती येळा त्याच्यावं.”

हे मी भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मग मामा माझ्याच बाजूने. अर्धवट खरं आहे. गिऱ्हाईक हिशोब करतं हे खरं, पण यात्रेला माणसं जमतात ती गुलालासाठी.

आणि मोसमाची बेरीजही वाटते तितकी निर्मळ नसते, हेही सांगायला हवं. सात-आठ शर्यती म्हणजे काही फार मोठा नमुना नाही. २०१७ चा मोसम फ्रान्समधल्या लूर्दला सुरू झाला. सर्वांत वेगवान शेवटी सुटतात हे वर सांगितलंच. त्या दिवशी नेमके हे वरचे रायडर सुटायच्या वेळी आभाळ फाटलं. ज्यांनी पात्रता फेरीत चांगली कामगिरी केली त्यांनाच ओल्या डोंगराची शिक्षा. आधी, कोरड्यात उतरलेल्या अलेक्झांडर फायोलची वेळ कोणाला गाठता आली नाही. ग्विन, मिनार वगैरे मंडळी यादीत कुठल्या कुठे. तरीही मोसमाच्या शेवटी, वाल दी सोलेची अखेरची शर्यत जिंकून, ओव्हरऑल ग्विननेच नेला. माझ्या वाईट दिवसांच्या सिद्धांताला हे उदाहरण जरा अडचणीचं आहे, कारण त्या दिवशी वाईट दिवस सांभाळायची कोणाला संधीच नव्हती. २०२० मध्ये साथीमुळे चारच शर्यती झाल्या, त्याही दोनच डोंगरांवर. त्यालाही ‘मोसम’ म्हटलं गेलं आणि मॅट वॉकरच्या नावापुढे ओव्हरऑल लागला. त्याचं कौतुक आहेच, पण बेरजेत आकडे किती आहेत हेही पाहावं.

२०२३ पासून आयोजन आणि प्रक्षेपण वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीकडे गेलं आणि पात्रता व अंतिम यांच्यामध्ये उपांत्य फेरी घुसवली गेली, तिलाही गुण. कागदावर पाहिलं तर मोसमाची बेरीज त्यामुळे जास्त भरवशाची झाली: जास्त धावा, जास्त आकडे. मला ती उपांत्य फेरी मुळीच आवडली नाही. जिथे एका धावेवर सगळं टांगलेलं असतं तिथे आदल्या फेरीत पाच-दहा गुण वाचवत उतरणारा रायडर बघायला मी रात्री जागत नाही. अर्थात, हे माझं म्हणणं माझ्याच सिद्धांताच्या विरुद्ध जातं, याची मला कल्पना आहे.

बेरीज रंगते ती २०१३ सारख्या वर्षी. पहिल्या अर्ध्या मोसमात जी ॲथर्टनचा जोर. मग कॅनडाचा स्टीव्ही स्मिथ घरच्या मों-सॅन्त-ॲनला जिंकला. नॉर्वेत हाफ्येलला जिंकला. शेवटच्या शर्यतीला, लेओगांगला, जिंकला आणि ओव्हरऑल खेचून घेतला. मधल्या काळात दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. ती तिथल्याच ग्रेग मिनारने, गावच्या लोकांसमोर, शेवटी शेवटी टायरची हवा गेलेली असताना, अर्ध्या सेकंदापेक्षा कमी फरकाने मारली. कादंबरी म्हणून कोणतं जास्त चांगलं हे ठरवणं मला जमलेलं नाही. स्मिथ २०१६ च्या मे महिन्यात मोटरसायकल अपघातात गेला, सव्वीस वर्षांचा. जर्सी त्याला मिळाली नाही. कॅनडातल्या कोणत्याही डाउनहिलवाल्याला विचारा, त्याला २०१३ चा मोसमच आठवतो.

तर माझं मत? एकच करंडक ठेवायचा असं कोणी मला सांगितलं तर मी ओव्हरऑल ठेवीन. सांभाळून उतरणं हे धाडसाच्या खालच्या पायरीचं काम आहे असं मानणाऱ्यांनी उघड्या रिमवरचा ग्विन एकदा पाहावा. पण असा अधिकार मला कोणी देणार नाही, आणि दिला तर जर्सी रद्द करायला माझा हात उचलणार नाही. शाँपेरी मग कुठे ठेवायचं?

भावाचं यावर नवीन म्हणणं आहे. त्याला दोन्ही याद्यांचे गुण एकत्र करून तिसरी यादी बनवायची आहे, प्रत्येक जर्सीला अमुक गुण, प्रत्येक ओव्हरऑलला तमुक. वुइयोज तिथे पहिला येईल हे मी गणित न करताच सांगितलं: एलिट गटात सात जर्सी आणि पाच ओव्हरऑल असलेल्या माणसाला कोणत्याही यादीत खाली ढकलता येत नाही. माझा प्रश्न वेगळाच होता. रेचेल ॲथर्टन २०१९ च्या उन्हाळ्यात टाचेची शीर तुटल्याने थांबली. मधे मुलगी झाली. २०२३ च्या जूनमध्ये, पस्तिसाव्या वर्षी, चार वर्षांनी ती लेंझरहाइडेला वर्ल्ड कपच्या सुरुवातीच्या रेषेवर आली आणि ती शर्यत जिंकली. तिचा चाळिसावा वर्ल्ड कप विजय. पुरा मोसम खेळायचं तिच्या मनात नव्हतं, त्यामुळे बेरजेत तो विजय जवळजवळ वाया गेला. आणि ती वर्ल्ड चॅम्पियनशिप नव्हती, त्यामुळे पट्टेही नाहीत. याला तुझ्या तिसऱ्या यादीत किती गुण देतोस, असं विचारल्यावर त्याने वही ओढून घेतली आणि बराच वेळ खाडाखोड करत बसला. शेवटी त्याने मांडलेला आकडा मला कमी वाटला. आमचं त्यावरून अजून चालू आहे.